प्रयोजन : नदी पाहणे

कल्पित राज्यांच्या कथा रचणाऱ्या लेखकांना नद्या आणि पांथशाळा यांचा भारी सोस असतो. राक्षसवधाने पावन झालेला एखादा काठ आणि त्या काठी वाटसरूंनी गजबजलेली एक सराई हाती आली, की त्यांचे पहिले प्रकरण सिद्ध होते. बुलढाणा जिल्ह्यात हे साहित्य रोकडे मिळते. लोणारला विष्णूने लवणासुर मारला, मेहकरला शारंगधराने मेघंकर. आणि कांचनी नावाची नर्तकी लोणारचा दिवा दिसावा म्हणून मेहकरात आपला महाल उंच उंच बांधीत गेली, असे तेथे सांगतात.

शेगावचा दिवस दर्शनाच्या रांगेत गेला. लोणारच्या सरोवरावर इतक्यांनी इतके लिहिले आहे, की मी केवळ हात जोडून मोकळा होतो. मला ओढ होती पैनगंगेची. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून शेवटी वर्धेला मिळणारी ही नदी मेहकरला अजून अल्पवयीन असते, आणि अशा नद्यांवर माझा लोभ अधिक. थोर नद्यांना आरत्यांची आणि पंड्यांची सवय जडलेली असते.

मुक्कामाच्या लॉजवर वृद्ध व्यवस्थापकांनी नोंदवही पुढे केली. ‘प्रयोजन’ या रकान्यात मी ‘नदी पाहणे’ असे लिहिले. चष्मा वर सारून त्यांनी तो मजकूर दोनदा वाचला.

“नदी पाहाले कोन येते, भाऊ? मोजनीचे सायेब हायेत का?”

“नाही. नुसती पाहायची आहे.”

“मंग बालाजीचं दर्शन लिहा. दर्शनाले सारेच येतात.”

मी हट्टास पेटलो, तेही पेटले. मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार असल्याची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. ते दफ्तर बुडून शतके लोटली तरी दफ्तरी बाणा या गृहस्थांच्या ठायी शाबूत होता. वाद ऐन रंगात असताना मागील अंगणातून, गोवऱ्यांच्या आरावर भाजल्या जाणाऱ्या नवसाच्या रोडग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा दरवळ आला, आणि ज्याच्या घरी रोडगे भाजले जात आहेत त्याच्याशी तत्त्वासाठी भांडणारा मनुष्य मी नव्हे. त्यांनी माझा मजकूर खोडून ‘देवदर्शन’ असे लिहिले आणि मला पंगतीला बसविले. रोडगा कुस्करून त्यावर तुपाची धार सोडीत ते जेवणभर बोलत राहिले ते मात्र नदीविषयीच: कोणत्या पुरात पाणी कोठवर चढले, कोणत्या डोहात ते पोहायला शिकले, पूर्वी वाळू कशी होती.

सकाळी मी यादवकालीन म्हणतात ती पडकी धर्मशाळा पाहिली. मध्ये उघडा चौक, भोवती दगडी खांबांची ओवरी. वाटसरूने सावलीत यावे, पाठ टेकावी आणि निघून जावे. प्रयोजन विचारण्याची सोय तीत मुळीच ठेवलेली नाही.

परतलो तो व्यवस्थापक पायरीवर तयार होते. लॉज नातवावर सोपवून ते मला तो डोह दाखवायला निघाले. मात्र वाटेत, १८८८ साली भूमीतून निघालेल्या शारंगधर बालाजीच्या मूर्तीपुढे त्यांनी मला प्रथम उभे केले, वहीतली नोंद खोटी ठरू नये म्हणून.