फियाटची सीट, राजुऱ्याचं ऊन

राजुऱ्याला फिरायला कुणी जात नाही. चंद्रपूरला उतरलेली पब्लिक टोप्या घालून, जिप्सीत बसून ताडोब्याकडे पळते. दक्षिणेचा रस्ता धरतात ते कोळशाचे ट्रक, सिमेंटच्या गाड्या आणि ज्यांच्या मामाचं गाव तिकडे आहे ते माझ्यासारखे. नागपूरहून रेल्वेने दोनशेएक किलोमीटरवर बल्लारशाह. स्टेशनबाहेर पडलं की पेपर मिलचा तो ओळखीचा वास, मग वर्धा नदीवरचा पूल आणि पलीकडे राजुरा. १९५६ पर्यंत नदीच्या या दोन काठांची राज्यंसुद्धा वेगळी होती. बल्लारपूर चांदा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात. आणि राजुरा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. पुढे तालुका आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्यात आला. म्हणून इथल्या बाजारात एकाच दुकानात मराठी, तेलुगू आणि हैदराबादी हिंदी अशी तिन्ही चॅनेल्स एकदम चालू असतात. आजोबांची शाळा तर उर्दू माध्यमाची होती.

यंदाच्या मे महिन्यात मी पुण्याचं ऑफिस लॅपटॉपमध्ये घालून राजुऱ्याला गेले, ते मामाच्या फोनमुळे. ‘इंजिन झालं, रंग झाला. सीटांवरून घरात भांडण होऊन राहिलं. तू ये बापा, तुझं डिझाइनचं डोकं आहे ना?’ (मी मोबाइल ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. मामाच्या मते सोफ्यापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं त्यात येतं.)

गाडी म्हणजे १९७२ ची फियाट ११०० डी. तीच, जिचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघं आरामात. नव्या गाडीला तेव्हा वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट, म्हणून आजोबांनी ती १९७६ साली हैदराबादेतून सेकंडहँड आणली. आजोबा डॉक्टर. या गाडीने ते खेड्यापाड्यांत व्हिजिटला जायचे, आणि परतताना मागच्या सीटवर बऱ्याचदा पेशंट असायचा. आजोबा गेल्यावर गाडी वीसेक वर्षं गोदामात उभी होती. मोटारीत उंदरांना सगळ्यात आवडतं ते सीटचं कुशन, एवढं ज्ञान त्यातून मिळालं.

आता भांडण काय, तर मामाला हवं होतं टॅन लेदर. यूट्यूबवर इंग्लंडातल्या जुन्या गाड्या बघून. मामेभाऊ सिमेंट कंपनीत इंजिनिअर, त्याला काळं-लाल, डबल शिलाई, एकदम स्पोर्टी. मी शाळेत शिक्षिका असल्यासारखी सांगत होते की कारखान्यातून आली तेव्हा होतं तेच लावा. आणि आजी, वय चौऱ्याऐंशी, एकच वाक्य बोलत होती. ‘चटका बसला नाही पायजे.’

सीट उघडायचं काम आसिफाबाद रोडवरच्या एका चाचांकडे. त्यांचा मुख्य धंदा ट्रकच्या केबिनचा. सास्ती, पवनीच्या कोळसा खाणींकडे जाणाऱ्या ट्रकांच्या सीट, शिवाय ट्रॅक्टर, ऑटो, मोटरसायकली. फियाट बघून चाचा आधी काही बोललेच नाहीत. हात पुसला, दार उघडलं, मागच्या सीटच्या फटीत पंजा घातला आणि माल काढायला लागले. गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे. इंजेक्शनची ॲम्प्यूल कापायची छोटी पाती. एक हेअरपिन, जिच्यावर आजीने लगेच हक्क सांगितला.

मग कात्री चालली आणि खरी गंमत सुरू झाली. सगळ्यात वर मरून मखमल, नव्वदच्या दशकातली, मामाच्या लग्नाच्या वेळची. तिच्याखाली चौकडीचं तपकिरी रेक्झिन. ‘हे ऐंशीच्या आधीचं,’ आजी म्हणाली, कारण त्यावर टिंक्चर आयोडिनचा डाग होता आणि तो कुठल्या पेशंटचा हेही तिला आठवत होतं. आणि अगदी तळाशी, जिथे कापड फ्रेमखाली दुमडून ठोकलेलं असतं तिथे, ऊन-वारा-उंदीर यातलं काहीही न पोहोचलेली हातभर पट्टी. फिक्कट राखाडी, किंचित निळसर, बारीक रेघांची. हाच मूळ रंग.

जुनी गाडी नवी करणाऱ्या प्रत्येकाला माझी ही एकच टिप. जुनं कव्हर फाडून फेकायच्या आधी सीटचा तळ बघा. बाकी सगळं जग इंटरनेटवर फोटो शोधत बसतं आणि खरा पुरावा तुमच्याच बुडाखाली असतो.

जुन्या मोटारींच्या क्लबांची एक जागतिक संघटना आहे, फीवा. तिने २०१२ साली ‘ट्युरिन चार्टर’ नावाची आचारसंहिता स्वीकारली. तिचा फंडा साधारण असा, की जेवढं जुनं वाचवता येईल तेवढं वाचवा, बदलावं लागलं तर मूळच्या जवळचं वापरा, आणि बदल असे करा की पुढच्या माणसाला ते ओळखता येतील आणि काढताही येतील. हे मी जेवणाच्या ताटावर वाचून दाखवलं. आजीने विचारलं, ‘ते ट्युरिन कुठं आहे?’ इटलीत, फियाटचं मूळ गाव. ‘तिथं मे महिन्यात किती असते?’

हा प्रश्न खरंच सॉलिड होता. राजुऱ्यात मेमध्ये पारा पंचेचाळीस-सेहेचाळीस सहज दाखवतो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हवा त्याहून वीसेक अंशांनी तापते, आणि सीटवर थेट ऊन पडत असेल तर पृष्ठभाग त्याच्याही पुढे जातो. आजी नऊवारी नेसायची तोवर ठीक होतं, ती म्हणाली; पण पोरांच्या उघड्या मांड्यांना रेक्झिन असं चिकटायचं की उतरवताना टर्रकन आवाज यायचा. उपाय म्हणून ती धुतलेली सुती चादर ओली करून, पिळून सीटवर अंथरायची. सरकारी ॲम्बेसेडरच्या सीटवरचा पांढरा टर्किश टॉवेल आठवतो? आपण त्याला साहेबी थाट समजतो. पण पांढरा रंग, सुती कापड, घाम टिपणारे धागे आणि रोज धुवायची सोय हे सगळं त्यात होतं. उन्हाळ्यातल्या ॲम्बेसेडरला याहून चांगलं काय देणार?

मामेभाऊ इंजिनिअर असल्याचा फायदा झाला. सिमेंटची भट्टी बाहेरून किती तापलीय हे बघायची इन्फ्रारेड गन त्याच्याकडे असते. दुपारी दोनला चाचांकडचे नमुने आम्ही अंगणात मांडले. काळ्या रेक्झिनने सत्तरी ओलांडली. टॅन लेदर त्याच्या फार मागे नव्हतं. फिक्कट राखाडी रेक्झिन पन्नाशीच्या घरात राहिलं. पांढरट जाड सुती कापडही आकड्याने जवळपास तिथेच. पण हात ठेवल्यावर फरक कळला. रेक्झिनला हात लावला की ओढून घ्यावा लागतो, कापडावर ठेवता येतो. कारण सोपं आहे. रेक्झिन गुळगुळीत आणि सलग, ते कातडीला पूर्ण टेकतं आणि साठवलेली उष्णता झपकन देऊन टाकतं. कापडाचे धागे मोजक्या ठिकाणी टेकतात, मध्ये हवा असते. म्हणजे रंगावरून ठरतं सीट किती तापेल, आणि पोतावरून ठरतं चटका किती बसेल. शोरूममधल्या एसीत यातलं काहीच कळत नाही.

काळं-लाल तिथेच बाद झालं. लेदरसाठी मामा अजून लढत होता. पुण्यातल्या एका दुकानाचा आकडा मी त्याला दाखवला, चाचांच्या आकड्यापेक्षा एक शून्य जास्त. तरी तो हलेना. शेवटी चाचाच बोलले. ‘लेदर नक्को, भाई. यहाँ सूखा ऐसा कि चमड़ा पापड़ बनता. और बारिश में फफूँद.’ लेदरला नेमाने तेल-क्रीम लावत बसावं लागतं, नाहीतर कोरड्या हवेत ते तडकतं. मामा स्वतःच्या बुटांना पॉलिश करत नाही, हे मामीने सभेच्या निदर्शनाला आणून दिलं.

रेक्झिनही काही साधू नाही. हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं ब्रँडनेम. तेव्हा ते नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं कापड होतं. आपण आज रेक्झिन म्हणतो ते कापडावर पीव्हीसी. ते मऊ राहतं आत घातलेल्या तेलकट रसायनामुळे, आणि उन्हात ते हळूहळू उडून जातं. नव्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर येतो ना, त्यात तेही असतं. ते संपलं की रेक्झिन कडक होतं आणि शिलाईच्या भोकांपासून फाटतं. म्हणून चाचांनी घेताना बघितलं ते मागचं कापड. विणलेलं, ताणलं जाणारं, जाड. वरची चमक त्यांनी बघितलीसुद्धा नाही. दोरा सुती नाही, पॉलिस्टरचा. सुती दोरा कुजतो. सीट आणि दारांचे पॅड मिळून चोपन्न इंची पन्ह्याचं दहाएक मीटर लागलं. रेक्झिनचा एक स्थानिक गुण मात्र मान्य करायला हवा. त्यावरून खर्ऱ्याचा डाग ओल्या फडक्याने निघतो. चंद्रपूर जिल्ह्यात हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

एवढ्यात मामेभावाने आणखी एक विषय काढला, व्हिंटेज नंबरप्लेटचा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी त्या नियमात वीस हजार, मुदत दहा वर्षं. नागपूरच्या रॅलीत काय भाव खाल्ला असता! पण मग गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे आजीला बल्लारशाह स्टेशनला सोडायचं तर नाही. जेवणाच्या टेबलावर जरा शांतता झाली. आजी वरण कालवत होती. ‘मले त्या गाडीत बसायचं हाये,’ ती म्हणाली. ‘बघायची तर गोदामात बी दिसत होती.’

मामाने साधी नोंदणीच ठेवली, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची. आणि तिथून सीटचा प्रश्न एकदम सोपा झाला, कारण बसणार कोण हे नक्की झालं.

मूळ पट्टीच्या रंगाचं फिक्कट राखाडी रेक्झिन. हुबेहूब निळसर झाक नाही मिळाली, चंद्रपूर, नागपूर दोन्हीकडे शोधली. जे मिळालं ते उन्हात धरून पट्टीशी जुळवलं. पाइपिंग पांढरं. त्यावर काढता-घालता येणारी खोळ, बाजूंना नाड्या, जाड खादीची. खादी मामीच्या ओळखीने सावलीहून आली. सावली म्हणजे मूलच्या पुढचं आपल्याच जिल्ह्यातलं गाव, खादीच्या कामाचं जुनं ठिकाण. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन तिथे भरलं होतं आणि गांधीजी आले होते. कापड आधी दोनदा भिजवून वाळवलं, कारण खादी आटते आणि आटलेली खोळ सीटला बसत नाही. रॅलीला जायचं तर नाड्या सोडा, खोळ काढा, खाली १९७२. ट्युरिनवालेही नाक मुरडणार नाहीत.

कापडाची सीट म्हटलं की मुंबईकरांना टॅक्सी आठवणारच. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाच्या प्रकल्पात तरुण डिझायनर्सनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीट आणि छतांसाठी खास कापडं डिझाइन केली होती. नंतर ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निघाली. आमच्या छताला मात्र साधं पांढरं अस्तर. तिथे कुणाला कला सुचली नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो न दिसणाऱ्या भागावर. मला फोम हवा होता. हल्ली बत्तीस, चाळीस अशा डेन्सिटीत मिळतो. आकडा म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन. चाचांनी जुन्या स्प्रिंगा वर उचलून दाखवल्या. गंज वरवरचा, ताण शाबूत. ‘फेंकना नक्को. ये साहब के टाइम का लोहा है.’ स्प्रिंग, वर तरट, त्यावर काथ्याची गादी आणि फक्त शेवटी फोमचा पातळ थर, असं त्यांचं म्हणणं. काथ्यातून हवा फिरते, फोम घाम धरून ठेवतो आणि काही उन्हाळ्यांनी त्याचा भुगा होतो. मी ऑफिसच्या कॉलवर असताना त्यांनी तसंच करून टाकलं.

पहिली फेरी पुलापर्यंत, सकाळी सातला. मागे उजवीकडे आजी, तिची नेहमीची जागा. नदी आली तेव्हा तिने सीटवर दोन्ही हात दाबून बघितले आणि जाहीर केलं की गरम नाही, पण फार उंच झालीय, पाय टेकत नाहीत. परत आल्यावर तक्रार चाचांपर्यंत गेली. त्यांनी टेप लावली, मान हलवली.

‘नया काथ्या है, अम्मा. दो महीने बैठो, फिर बोलो.’