बडे बाबूंची वेलांटी

साकोलीकडच्या आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक होतो. समोरच्या टेबलावर बडे बाबू. तरुणपणी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेले, कळांकडे न पाहता टाइप करणारे. टंकयंत्र जाऊन संगणक आला तेव्हा ते जराही डगमगले नव्हते, कारण कृती देव फॉन्टच्या कळा जुन्या रेमिंग्टन यंत्रासारख्याच. बोटांना बदल कळलाच नाही.

घोडं अडलं ते ऑनलाइन कामात. त्यांनी फाइलमधली नावं उचलून पोर्टलच्या चौकटीत डकवली आणि 'किरण'च्या जागी उमटलं एफ, डी, जे, टिंब, के. कृती देव रोमन अक्षरांनाच मराठीचं सोंग देतो. पोर्टलला हवं होतं युनिकोड, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं.

मग प्रशिक्षण झालं, दोन तासांचं. शिकवायला आलेल्या मुलाने इनस्क्रिप्ट ही कळफलकाची सरकारी प्रमाण मांडणी दाखवली. 'कि' लिहायचं तर आधी क, मग वेलांटी. बडे बाबूंच्या बोटांत तीस वर्षं उलटा क्रम मुरलेला: वेलांटी आधी, जशी कागदावर दिसते तशी.

"काहाले बदलवलं गा?"

मुलगा नुसता हसला. दुसऱ्या दिवसापासून पोर्टलचं काम माझ्या टेबलावर येऊ लागलं, आणि 'जुन्या लोकांना नवं नकोच असतं' असा शेरा बडे बाबूंना चिकटला. मनातल्या मनात मीही तो मारला होता.

माणूस नवं तंत्र स्वीकारताना मुख्यतः दोन गोष्टी पाहतो, असं फ्रेड डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलं: ते उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. उपयोग बडे बाबूंना चांगला कळत होता. सोपेपणा मात्र नवशिक्याच्या मापाने मोजला गेला होता. ज्याचा हात आधीच बसलाय, त्याला नव्याने अडखळायला लावलं तर तो चिडणारच!

तोडगा साधा होता. टंकयंत्राच्याच मांडणीने युनिकोड उमटवणारी सोय फुकट मिळते. एका दुपारी मी ती त्यांच्या संगणकावर बसवून दिली. त्यांनी 'किरण' टाइप केलं, पोर्टलमध्ये डकवलं, चष्मा वर करून पाहिलं. नाव मराठीतच राहिलं. काही न बोलता त्यांनी माझ्या टेबलावरची यादी उचलून नेली.

जुन्या फाइली अजून कृती देवातच आहेत. त्या वाचता याव्यात म्हणून कोपऱ्यातल्या एका संगणकावर तो फॉन्ट राखून ठेवलाय.