शेवटचं स्टेशन

चाकणच्या मोटार कारखान्यात चाकाचा नट कुणी अंदाजानं आवळत नाही. टॉर्क रेंच ठरलेल्या आकड्याला पोचला की टक् असा आवाज येतो, मग नटावर रंगाची एक बारीक रेघ ओढली जाते, म्हणजे पुढच्या माणसाला लांबूनही कळावं की हा नट झाला. ती रेघ मला फार देखणी वाटते. कधीही न भेटणाऱ्या गाडीमालकाला एका कामगारानं दिलेला शब्द आहे तो. याच पट्ट्यात, मोशी-चिखलीपासून रावेत-पुनावळ्यापर्यंत दाटीनं उभ्या राहिलेल्या इमारतींच्या बाल्कन्यांत, एप्रिल लागला की एसीची आउटडोअर युनिटं चढू लागतात. तिथला नट मात्र हाताच्या अंदाजानं आवळला जातो. ‘बसला, बास.’ काही महिन्यांत हवा गार येईनाशी होते, ड्रेनच्या पाण्यानं भिंतीचा रंग फुगतो आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: हल्ली कुणाला कामाची चाड राहिलेली नाही, सगळे पाट्या टाकतात. वैताग खरा आहे. वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन घर घेतलेल्या माणसाला नव्या भिंतीवरची चुकीची चार भोकं किती सलतात हे सांगायला नको. पण त्या वैतागातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पाट्या टाकण्याचं मूळ एसी बसवणाऱ्या पोराच्या स्वभावात शोधून सापडायचं नाही. यंत्र बनवणाऱ्यानं आपली जबाबदारी कारखान्याच्या गेटपाशीच संपवली, तिथे ते सापडतं. वस्तू घरात बसवणं हे असेंब्ली लाइनचंच शेवटचं स्टेशन आहे, आणि नेमक्या त्याच स्टेशनवर तपासणारं कुणी उभं नसतं.

हे काम बाहेरून दिसतं त्याहून पुष्कळ नाजूक आहे. तांब्याची नळी कटरनं कापली की तिच्या तोंडाला आतल्या बाजूनं धार राहते. ती रीमरनं काढायची, तीही नळीचं तोंड जमिनीकडे धरून, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. मग आधी नट सरकवायचा, नळीचं तोंड ४५ अंशांत फुलवायचं, फुललेली कड उजेडात धरून तिला चीर नाही ना ते बघायचं, आणि पाव इंची नळीचा नट साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटरवर आवळायचा. कमी आवळला तर गॅस झिरपतो. जास्त आवळला तर फुलवलेली कड चेपते आणि तरीही गॅस झिरपतोच. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, पंप बंद करून काटा जागचा हलत नाही ना हे काही वेळ थांबून पाहायचं, आणि मगच गॅसचे व्हॉल्व्ह उघडायचे. घाईच्या दिवसांत पंप खाली गाडीतच राहतो. युनिटातलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून दिली जाते आणि काम पुढे सरकतं. त्या दिवशी एसी उत्तम गार करतो, हीच यातली मोठी अडचण. नळीत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळते, तिथे आम्ल तयार होतं, आणि ते आतल्या आत कॉम्प्रेसर खात बसतं. शिवाय आता बहुतेक घरगुती एसींत असलेला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील वर्गातला आहे, आणि वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. एक किलो गॅस एका चेपलेल्या नटातून निघून गेला तर हिशोब पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइडवर जातो. बिलात तो कुठेच दिसत नाही.

ज्या कामाचा दर्जा काम झाल्यावर नुसतं पाहून कळत नाही, त्याला कारखान्यांत विशेष प्रक्रिया म्हणतात. वेल्डिंग त्यातलं, हीट ट्रीटमेंट त्यातली. सांधा वरून चकचकीत दिसला म्हणजे आतून भरला असं नाही, हे भोसरीतल्या छोट्या शेडमधल्या माणसालाही ठाऊक असतं. म्हणून अशा ठिकाणी तपासणी शेवटावर सोडत नाहीत. माणूस शिकलेला आहे का, उपकरण बरोबर दाखवतंय का, पायऱ्या ठरल्या क्रमानं झाल्या का, हे आधी बघतात आणि कागदावर उतरवतात. एसीच्या नळीचं तोंड फुलवून केलेला फ्लेअर जोड हा शब्दशः याच जातीचा आहे. गीझरचं अर्थिंग, स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या डक्टचं वळण, फ्रंट लोड वॉशिंग मशीनमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले की नाही, हेही तसंच. मशीन सुरू झालं, दिवा लागला, पाणी तापलं, यातून काहीच सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही पोरं शिकलेलीच नसतात. काही नसतात, हे खरं. पण पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्याला तरी हा आक्षेप शोभत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, टेल्को आणि आकुर्डीची बजाज त्याच दशकातली. पुढे १९९९ साली बजाजचा चाकणचा कारखाना आणि २००९ साली फोक्सवॅगनचा. या साऱ्या काळात परभणी, बीड, लातूर, जळगाव, यवतमाळहून आलेल्या पोरांच्या पिढ्यांनी इथे मायक्रॉनमध्ये मोजायला शिकून घेतलं. मोरवाडीत महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आयटीआयत दोन वर्षांचा असतो. कंत्राट संपलं की कारखान्यातून बाहेर पडलेला मुलगा ड्रिल मशीन आणि पान्यांची पिशवी घेऊन घरोघरी फिटिंग करू लागतो, हे या पट्ट्यात नवल नाही. मार्चमध्ये ज्या हातानं टॉर्कची रेघ ओढली, तोच हात मे महिन्यात अंदाजानं नट आवळतो. मधल्या दोन महिन्यांत त्याचं कसब कुठे गेलं नाही. त्याच्या पाठीशी असलेली चेकशीट गेली, मागे उभा असलेला सुपरवायझर गेला, आणि ‘हा पीस मी पुढे सोडणार नाही’ म्हणण्याचा अधिकार गेला. चांगल्या कारखान्यात दोष दिसला तर साधा ऑपरेटरसुद्धा दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. कुणाच्या हॉलमध्ये शिडीवर उभ्या असलेल्या, खाली दोन कॉल वाट पाहत असलेल्या मुलाला कोणती दोरी ओढता येते?

मजुरीची रचना पाहिली की उलगडा होतो. पैसे बहुधा कॉलमागे मिळतात, वेळेमागे नाही. दिवसात जेवढे कॉल बंद होतील तेवढी कमाई, आणि ही कमाई मुख्यतः उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांतली. व्हॅक्यूमची अर्धी घटका त्याला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. कंपनीनं काम एजन्सीला दिलेलं, एजन्सीनं आणखी कुणाला, आणि प्रत्येक पायरीवर थोडं थोडं कापून जे उरतं ते शिडीवरच्या माणसाचं. कारखान्यात खराब पीस निघाला की त्याचा भुर्दंड बनवणाऱ्यावर पडतो. पुरवठादाराचं रिजेक्शन दर दहा लाखांत किती, याच्यावर त्याची पुढची ऑर्डर ठरते. घरातला खराब जोड मात्र ग्राहकाच्या खात्यावर जातो. पुन्हा व्हिजिट चार्ज, पुन्हा गॅस भरण्याचे पैसे. वाईट काम कुणालाही महाग पडत नसेल, उलट त्यातून दुरुस्तीचं नवं काम जन्माला येत असेल, तर ते थांबावं म्हणून कोण धडपडणार? या जागी मी सद्गुणांवर विसंबायला तयार नाही. ज्यांना गुणवत्तेचं शास्त्र कळतं, त्यांनी स्वतःच्या कारखान्यातही ते कामगारांच्या सद्गुणांवर सोडलेलं नाही.

काहीजण म्हणतात, आता ॲपवर रेटिंग असतं, वाईट काम करणारे आपोआप मागे पडतील. पण तारे दिले जातात ते काम संपताच, दारात उभ्या उभ्या, तो मुलगा ‘सर, फाइव्ह स्टार द्या’ म्हणत असताना. झिरपणारा जोड कळतो पुढच्या उन्हाळ्यात. तारे त्याच्या बोलण्याला मिळतात, वेळेवर येण्याला मिळतात, जाताना कचरा उचलण्याला मिळतात. नटाला मिळत नाहीत.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा की घर म्हणजे कारखाना नव्हे. कारखान्यात जमीन सपाट, फिक्स्चर तयार, पार्ट ठरलेला. इथे प्रत्येक भिंत वेगळी. हे मला मान्य आहे. एखादी इमारत काँक्रीटच्या भिंतींची, शेजारची हलक्या एएसी ब्लॉकची. ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर ठोकला तर तो ओढ घेताच ब्लॉकचा भुगा होतो. तिथे त्या भिंतीसाठीचा वेगळा अँकर लागतो किंवा आरपार बोल्ट घालून मागे पट्टी द्यावी लागते. काही बिल्डर भिंतीतच तांब्याची नळी आणि ड्रेन पाइप पुरून ठेवतात. वर प्लास्टर आणि रंग चढल्यावर त्या पाइपला उतार आहे की नाही, हे पाणी उलट घरात येईपर्यंत कळत नाही. पाण्याचीही तीच गत. २०१९ च्या अखेरीपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, उरलेली गरज अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवर भागवतात, आणि त्या जड पाण्यात गीझरची कॉइल लवकर पांढरी पडते. इतकी विविधता असताना एकच चेकशीट कशी चालेल? मला वाटतं, विविधता आहे म्हणूनच आधी पाहणीला येणारा माणूस वेगळा हवा आणि बसवणारा वेगळा. भिंत कशाची, फास्टनर कोणता, ड्रेन कुठे काढायचा, पॉइंटला अर्थिंग आहे का, एवढं आदल्या दिवशी ठरलं तर निम्म्या चुका घराचा उंबरा ओलांडणार नाहीत. लिफ्ट बसवणारे बसवण्याआधी शाफ्ट मोजून जातात. चाळीस हजारांच्या यंत्राला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

मग खर्चाचा प्रश्न येतो, आणि इथे ग्राहकालाही थोडं ऐकून घ्यावं लागेल. मोफत इन्स्टॉलेशन ही आपल्याला आवडणारी गोष्ट आहे. तिची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि ती बहुतेक वेळा बाराव्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर मोजली जाते. एक पाय ग्रिलवर, एक पाय छज्ज्याच्या कडेवर, खांद्यावर तीस-चाळीस किलोंचं युनिट, कमरेला पट्टा नाही. हे दृश्य वाकडच्या कोणत्याही नव्या टॉवरखाली उभं राहिलं की दिसतं. याच माणसाला चाकणमध्ये शेडच्या पत्र्यावर चढायचं असेल तर उंचीवरच्या कामाचा परवाना लागतो, सेफ्टी बेल्ट लागतो, खाली उभा राहणारा दुसरा माणूस लागतो. गेटच्या आत त्याच्या जिवाला जी किंमत आहे ती गेटच्या बाहेर का उतरावी? ज्याचा स्वतःचा जीव टांगणीला लागला आहे त्यानं नटाचा टॉर्क मोजावा अशी अपेक्षा ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं. चांगलं काम आणि सुरक्षित काम एकाच पैशातून होतं. तो पैसा बिलात उघडपणे असावा, आणि तो शिडीवरच्या माणसापर्यंत पोचावा.

कायदा या बाबतीत आपल्या समजापेक्षा पुढे गेलेला आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. या नव्या कायद्यात वस्तू बसवणाराही विक्रेत्याच्या व्याख्येत येतो. वस्तूची जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यातून इजा किंवा नुकसान झालं, तर त्याची जबाबदारी ठरते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. ‘इन्स्टॉलेशन थर्ड पार्टीचं आहे’ हे वाक्य ऐकून फोन ठेवून देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मात्र कायदा नुकसान झाल्यावर येतो. जोड बसतानाच नीट बसावा यासाठी कंपनीनं बसवणाऱ्याला तासांप्रमाणे मजुरी द्यावी, पंप आणि टॉर्क रेंच स्वतः पुरवावा, व्हॅक्यूमच्या काट्याचा फोटो जॉबकार्डाला जोडल्याशिवाय कॉल बंद होऊ देऊ नये, आणि वर्षभरात जोड झिरपला तर गॅसचा खर्च स्वतः उचलावा. यातली एकही गोष्ट या पट्ट्यातल्या कारखान्यांना शिकवावी लागणार नाही. स्वतःच्या पुरवठादारांकडून ते आजही हे करून घेतात.

तोवर ग्राहकाच्या हातात एकच गोष्ट आहे: फोनवर आलेला ओटीपी. काम पूर्ण झालं याचा आज तेवढाच पुरावा मानला जातो, आणि तो बहुधा शिडी घडी करण्याआधीच मागितला जातो. पंप लावलेला पाहिल्याशिवाय, ड्रेनमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडलेलं पाहिल्याशिवाय तो देऊ नका. त्यासाठी लागणारा वेळ त्या मुलाला द्या, आणि आपण थांबायला तयार आहोत हे त्याला आधीच सांगा. आणि तक्रार करायची वेळ आलीच तर ती त्याच्या नावानं करू नका. ज्याच्या नावाचं बिल आहे, त्याच्या नावानं करा.