ऊब

कलकत्त्यात थंडी पडते असे देशी आप्तांना लिहिले की ते हसतात. पौषातही येथे पारा 12 अंशांखाली क्वचितच उतरतो. नागपूरकराला तर ही थंडीच वाटू नये. परंतु आम्ही राहतो बिधाननगरातील सरकारी वसाहतीत, तेही तळमजल्यावर. या ठिकाणी पूर्वी खारी सरोवरे होती. 1962 पासून हुगळीतील गाळ पाण्यात कालवून नळांवाटे येथे आणून ओतला आणि त्यावर हे नगर वसले. त्या पाण्याने आपला हक्क अद्यापि सोडलेला नाही, अशी आमची समजूत आहे. दिव्याच्या वातीने तेल ओढावे तशी भिंतीतील वीट जमिनीतले पाणी वर ओढते. या शहरात तळघर बांधण्याच्या भानगडीत कोणी फारसे पडत नाही. आमची मागची खोली ती उणीव भरून काढते.

त्या खोलीत आमची आई निजते. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, म्हणूनच आम्ही तळमजला मागून घेतला होता. गेल्या माघात दोन वेळा रात्री डॉक्टरांना बोलवावे लागले. "खोली उबदार ठेवा आणि कोरडी ठेवा," असे ते म्हणाले. यांतील दुसऱ्या शब्दाकडे आमचे तेव्हा लक्ष गेले नाही.

आईचे मागणे साधे होते : कोळशाची शेगडी. वाईला तिच्या माहेरी ती असे. पण ते घर कौलारू, फटींचे; वारा खेळता होता. बंद खोलीत धुमसत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्ताशी तो प्राणवायूहून दोनशे पटींहून अधिक घट्ट जखडतो. उत्तरेत शेगडी उशाशी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, हे वृत्त दर हिवाळ्यात येतेच. आईला हे सांगणे जड गेले. "मग आम्ही कशा जगलो रे?" या प्रश्नाला कोणत्याच फायलीत उत्तर नव्हते.

सवयीप्रमाणे आम्ही तुलनात्मक तक्ता मांडला. रॉकेल पहिल्याच फेरीत बाद झाले : एक लिटर जळले की जवळजवळ तितकेच पाणी वाफ होऊन खोलीत येते. म्हणजे ओल पैसे देऊन विकत घ्यायची! राहिली वीज. वरच्या मजल्यावरच्या अभियंता शेजाऱ्यांनी आमचा भ्रम दूर केला. एका युनिटातून निघणारी उष्णता स्वस्त-महाग साऱ्या हीटरांत सारखीच. फरक ती कशी पोचते एवढाच. लाल कांडीचा हीटर समोरच्याला तत्काळ शेकतो, पण आईचा नऊवारीचा पदर आठवून आम्ही त्यावर काट मारली. पंख्याचा घरघरतो. शेवटी तेल भरलेला, 2000 वॅटचा, पत्र्याच्या पाकळ्यांचा हीटर ठरला. तो तापायला अर्धा तास घेतो, निवायलाही तितकाच. त्यात लाल होणारे काही दिसत नाही. त्याला नऊ अँपिअरच्या आसपास वीज लागते. तेव्हा वीजमिस्त्रीकडून मीटरपासून जाड तार ओढून 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा लागला. हीटरच्या किमतीहून हाच खर्च बोचला.

आठ दिवसांनी खोली उबदार होती, आणि पहाटे भिंतीला घाम फुटलेला! तापलेली हवा ओल पोटात घेते. बाहेर जायला वाट नसली तर गार भिंतीवर ती पुन्हा सोडते. तेव्हा कुठे डॉक्टरांचा दुसरा शब्द आम्हांला उमगला. हीटर चालू असताना खिडकी चार बोटे उघडी ठेवायची असे ठरले.

आईला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. "पैसे टाकून ऊब आणायची आणि खिडकीतून बंगाल्याला वाटायची? सरकारी खातं दिसतंय तुझं!"

पोपडे धरलेली भिंत आता हाताला कोरडी लागते. या माघात डॉक्टर अजून आलेले नाहीत. पहाटे आम्ही उठून दाराशी उभे राहतो, तिचा श्वास ऐकतो. खिडकी तिने बहुधा लावून घेतलेली असते. आम्ही ती हळूच चार बोटे उघडतो.