रामेनचे दोन वाडगे

ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास म्हटलं की लाखो बिलं डोळ्यांसमोर येतात. नव्या विश्लेषकांना एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा शिकवताना मी मात्र विक्रीच्या पंधराच ओळी समोर ठेवते. डॅनी मा यांच्या ‘८ वीक एसक्यूएल चॅलेंज’ या सरावमालेतलं हे पहिलं प्रकरण, ‘डॅनीज डायनर’. जपानी पदार्थांचं छोटं हॉटेल, काळ २०२१च्या सुरुवातीचा. सुशी १० डॉलर, करी १५, रामेन १२. गिऱ्हाईकं तीन: ए, बी आणि सी. हॉटेल काल्पनिक आहे, पण माझ्या रोजच्या कामातले बहुतेक पेच या पंधरा ओळींत भेटतात.

बेरीज केली तर ए-चे ७६ डॉलर, बी-चे ७४ आणि सी-चे ३६. म्हणजे ए सगळ्यांत मोलाचं गिऱ्हाईक? आता वेगवेगळ्या तारखा मोजा. ए चार दिवस आलं, बी सहा दिवस. ए-ची शेवटची नोंद ११ जानेवारीची, बी तर १ फेब्रुवारीलाही जेवून गेलं. हॉटेल माझं असतं तर मी बी-ला जपलं असतं.

या बी-चा आवडता पदार्थ कोणता? तिन्ही पदार्थ त्यानं दोन-दोनदा मागवलेत. क्रमांक लावायला एसक्यूएलमधलं ‘रँक’ वापरलं तर तिन्ही पहिल्या क्रमांकावर येतात. ‘रो नंबर’ वापरलं तर त्यांतला कुठलातरी एक वर येतो आणि बाकीचे दोन निमूट गळून पडतात. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. समोर एकच नाव दिसतं आणि वाचणाऱ्याला ते खरं वाटतं. ज्याला सगळंच आवडतं अशा माणसावर आपण एक आवड लादलेली असते. क्वेरी बिनतक्रार चालली म्हणजे उत्तर बरोबर आलं, हा समज मला म्हणूनच फार घातक वाटतो.

ए-ची गोष्ट आणखी नाजूक. ते ७ जानेवारीला हॉटेलच्या सभासद योजनेत आलं आणि त्याच दिवशी त्यानं करी घेतली. आधी करी की आधी सभासदत्व? तक्त्यात तारीख आहे, वेळ नाही. सभासद होण्याआधीचा खर्च काढताना अटीत ‘पेक्षा कमी’ लिहिलं तर २५ डॉलर येतात, ‘पेक्षा कमी किंवा समान’ लिहिलं तर ४०. पंधरा डॉलरचा फरक एका बरोबरच्या चिन्हानं पडतो. ते चिन्ह टाकायचं की नाही, हे डेटाबेस सांगू शकत नाही. मालकाला विचारावं लागतं, आणि विचारता आलं नाही तर काय गृहीत धरलं ते अहवालात स्पष्ट लिहावं लागतं.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते सी. १ जानेवारीला त्याच्या नावावर रामेनचे दोन वाडगे आहेत. फार भूक लागली होती, की समोर कुणी बसलं होतं? पैसे कुणी दिले हे बिलाला ठाऊक असतं, जेवलं कोण हे नसतं. आपल्याकडे तर पुष्कळ हॉटेलांत बिलावर फक्त टेबल नंबर असतो. त्या टेबलावर आज आलेलं कुटुंब मागच्या रविवारीही आलं होतं का, हे गल्ल्यावरच्या माणसाला चेहरा पाहून कळतं, तक्त्याला कळत नाही.

सी सभासद नाही. विक्रीच्या तक्त्याचा सभासदांच्या तक्त्याशी साधा जॉईन, म्हणजे जोडणी, केला की ते अहवालातून साफ नाहीसं होतं. लेफ्ट जॉईन केला तर राहतं, सभासदत्वाच्या रकान्यात ‘नल’, म्हणजे रिकामी जागा, घेऊन. आणि हॉटेलमालक डॅनीला ठरवायचंय काय, तर सभासद योजना वाढवावी की नाही! ज्याला अजून योजनेत आणायचंय, तेच गिऱ्हाईक वगळून तो हे कसं ठरवणार? म्हणून मी विद्यार्थ्यांना शेवटी मालकाला एक पत्र लिहायला लावते: विक्रीच्या नोंदीत वेळ टाका, टेबलावर किती माणसं होती ते टाका, आणि सी पुन्हा आलं तर सभासद व्हायचंय का, एवढं विचारा.