सी ड्राइव्हचा सातबारा

संगणकाच्या दुकानात सगळ्यात पटकन मिळणारा सल्ला कुठला असेल तर तो म्हणजे, "विंडोज नवीन टाकून घ्या." बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण त्या जुन्या विंडोजमध्ये एखाद्याचं काय काय अडकलेलं आहे, हे दुकानदाराला कुठून कळणार? हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या तात्यांचा लॅपटॉप.

तात्या म्हणजे माझे चुलते, निवृत्त शिक्षक, वय वर्षं 77, मुक्काम पाटण. कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं की केरा आणि कोयना जिथे भेटतात तिथलं हे तालुक्याचं गाव. पण तात्यांचं मूळ गाव हे नव्हे. ते कोयना धरणाच्या पाण्याखाली, शिवसागरात गेलं. गाव उठलं तेव्हा तात्या बारा-तेरा वर्षांचे होते. कुणी सांगली, सोलापूरकडे गेलं, कुणी खाली रायगड, ठाण्याकडे. गेली काही वर्षं तात्या त्या गावाबद्दल लिहितायत. कुणाचं घर कुठे होतं, पाणवठा कुठला, जत्रा कधी भरायची, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा कोण कुठे झोपलं होतं... एकेचाळीस प्रकरणं झाली आहेत. यातलं बरंचसं सांगणारी माणसं आता राहिली नाहीत.

आणि हे सगळं विंडोज 7 वर, एका जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये. सीडी हरवलेली. तात्यांच्या बोटांना टाइपरायटरची सवय आणि तो कळफलक तिथे तसाच मिळतो. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये विंडोज 7 चा आधार काढून घेतला, पण हा लॅपटॉप इंटरनेटला जोडलेलाच नाही, त्यामुळे तात्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

मग हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. चुलतभावाने शहाणपणा केला आणि ती वेळेत एका दुकानात नेली. तिथे तिची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर काढली, म्हणजे क्लोन केला. पहिल्यांदा लॅपटॉप सुरूच होईना. काळ्या पडद्यावर 0xc000000e असा एरर. त्यांनी स्टार्टअप रिपेअर चालवलं, तर विंडोजचं चिन्ह आलं, पासवर्ड विचारला, "डेस्कटॉप तयार होत आहे" असं काहीसं आलं आणि पुढे नुसता फिकट निळा पडदा. ना आयकॉन, ना स्टार्ट बटण. मग तो सुप्रसिद्ध सल्ला. दादाने मला फोन केला, "तात्या दोन दिवस झाले नीट जेवले नाहीत."

तर मंडळी, आता तांत्रिक भाग. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल :)

लॅपटॉप सुरू होणं म्हणजे रिले शर्यत असते. बायॉस डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा वाचतो, तो बूट मॅनेजरला उठवतो, बूट मॅनेजर विंडोजला, आणि विंडोज शेवटी तुमचा डेस्कटॉप मांडतं. काठी कुठे पडली हे शोधायचं. पासवर्ड विचारला जातोय म्हणजे सुरुवातीचे धावपटू ठीक आहेत. बायॉसमधलं साटा मोड चुकलं असतं तर आधीच निळ्या पडद्यावर 7B आला असता. म्हणजे गडबड अगदी शेवटच्या टप्प्यात.

त्या पहिल्या 512 बाइटमध्येच चार बाइटची एक 'डिस्क सिग्नेचर' असते. क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कची सिग्नेचर एकच होते. दोन्ही एकाच वेळी एका संगणकाला जोडल्या की विंडोज गोंधळतं, एकीला ऑफलाइन ठेवतं, आणि तिला ऑनलाइन आणलं की नवीन सिग्नेचर देऊन टाकतं. इथे तेच झालं असणार. बूट मॅनेजरच्या नोंदीत जुनी सिग्नेचर, म्हणून तो पहिला एरर. स्टार्टअप रिपेअरने ती नोंद दुरुस्त केली. पण विंडोज आणखी एका ठिकाणी सिग्नेचर लिहून ठेवतं: रजिस्ट्रीत, 'माउंटेड डिव्हायसेस' नावाच्या जागी. तिथे सी ड्राइव्हपुढे बारा बाइट असतात. पहिले चार सिग्नेचरचे, उरलेले आठ म्हणजे डिस्कवर ते पार्टिशन कुठून सुरू होतं ते. तिथे अजून जुनीच डिस्क! म्हणजे 'सी' हे अक्षर जुन्या डिस्कसाठी राखून ठेवलेलं, आणि नव्या डिस्कला भलतंच अक्षर मिळालेलं. डेस्कटॉप मांडणारे प्रोग्राम सगळं सी वर शोधतात आणि हात हलवत परत येतात.

तात्यांना हे कसं सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "म्हणजे आरं, माणसं नव्या गावात आली, पण सातबारा अजून जुन्या जागेचाच आहे की!"

याहून चांगलं मला काही सांगता आलं नसतं.

उपाय सोपा होता. जुनी डिस्क बाजूला ठेवली. विंडोज 7 च्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. डिस्कपार्टमध्ये सिग्नेचर पाहिली, ती रजिस्ट्रीतल्या नोंदीशी जुळत नव्हती, म्हणजे निदान पक्कं. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एसएसडीवरची 'सिस्टिम' फाइल उघडली, आधी तिची एक प्रत काढून ठेवली, आणि ड्राइव्हच्या अक्षरांच्या नोंदी पुसल्या. नोंदी नसल्या की विंडोज पुढच्या वेळी अक्षरं नव्याने वाटतं आणि स्वतः जिथून सुरू झालं त्या पार्टिशनला सी देतं. लॅपटॉप सुरू केला. निळा पडदा आला, थांबला... आणि आयकॉन आले. टायपिंगचं सॉफ्टवेअरही उघडलं. तात्यांनी काही न बोलता बत्तिसावं प्रकरण काढलं आणि वाचत बसले.

असो. पण क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या जागी खरं तर इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे नुसता कचरा. म्हणून रविवारी एकेचाळीसही प्रकरणं युनिकोडमध्ये बदलायला घेतली. त्यात एक गंमत आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर हे बहुतेक ठिकाणी निभावतो, पण जोडाक्षरांवर घसरतो. गावातल्या वाड्यांची आणि माणसांची नावं तर कुठल्याच शब्दकोशात नाहीत, मग ती बरोबर आहेत की नाही हे तपासणार कोण? ते फक्त तात्याच करू शकतात. मी प्रिंट काढून दिली आहे, आणि ते लाल पेन घेऊन सातव्या प्रकरणापर्यंत पोचलेत.