भाजणीचा कप

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. सिंगापूरमध्ये, सेरंगूनच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर सात पिशव्या मांडल्या होत्या: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, जाडे पोहे, धणे, जिरे. सगळं आदल्या संध्याकाळी लिटल इंडियातून आणलेलं. आमच्या सेरंगून स्टेशनपासून लिटल इंडिया पाच स्टेशनं लांब, आणि दिवाळीच्या कमानींनी उजळतो तो सेरंगून रोडही तिकडेच. वजनकाटा पुढ्यात ओढला, बटण दाबलं, आकडे उमटले नाहीत. सेल बदलले, तरी नाहीत.

माझ्या पोटात गोळा आला. आदल्या वर्षीच्या चकल्या डोळ्यांसमोर होत्या. सोऱ्यातून पडतानाच तुटणाऱ्या, तळल्यावर काळपट, पहिल्या घासाला नुसत्या धण्यांच्या चवीच्या. मुलांनी न बोलता एकेक खाल्ली आणि ताटली बाजूला सरकवली. चूक कुठे झाली ते वर्षभर कळलं नव्हतं. आईचं प्रमाण पाठ होतं: चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, एक वाटी पोहे, अर्धी वाटी धणे, पाव वाटी जिरे. मी ते ग्रॅममध्ये, काट्यावर नीट मोजून घेतलं होतं.

इथे सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे पुण्यात साडेसात. आईचा चहा चालू असणार. फोन लावला.

"काटा बंद पडलाय गं. आता भाजणी कशी करू?"

"काटा? भाजणीला काटा कशाला लागतो?"

मग मी गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. वाटीभर तांदूळ काट्यावर ठेवले, दोनशे ग्रॅम भरले. म्हणून वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम असं धरलं आणि त्याच हिशेबानं सगळं घेतलं. आई क्षणभर गप्प झाली.

"म्हणजे धणे शंभर ग्रॅम घातलेस?"

"हो. अर्धी वाटी."

"अगं, अर्धी वाटी धणे किती हलके असतात! तांदळाची वाटी वेगळी, धण्यांची वेगळी. आणि पोहे दोनशे ग्रॅम म्हणजे डोंगरच की."

वर्षभराचं कोडं एका वाक्यात सुटलं. तांदूळ आणि डाळी वाटीत जवळपास सारख्याच वजनाच्या भरतात, म्हणून तिथवर माझा हिशेब जमला होता. धणे आतून पोकळ, एकमेकांवर रचले तरी मध्ये हवाच जास्त. अर्धी वाटी धणे जेमतेम चाळीस ग्रॅम होतात. मी अडीचपट घातले होते. पोहेही दुपटीच्या वर गेले होते. काट्यानं आकडे बरोबर दाखवले होते. आईची वाटी मीच चुकीची वाचली होती.

तिची ती वाटी मला लख्ख आठवते. स्टीलची, तळाशी लग्नातल्या आहेराचं नाव कोरलेलं, कायम तांदळाच्या डब्यात असायची. कोणी ती आमटीला घेतली तर आई ओरडायची. तेव्हा वाटायचं, एका वाटीसाठी एवढं काय? म्हटलं, "तुझ्या वाटीत पाणी किती मावतं ते तरी सांग. अर्ध्या लिटरच्या बाटलीनं मोज. मी इथे तेवढीच वाटी शोधते."

"काही शोधू नकोस. घरात एक भांडं घे आणि सगळं त्यानंच मोज. कडेपर्यंत भर, वरून बोट फिरव, झालं."

राइस कुकरचा प्लास्टिकचा कप हाताशी होता. इथल्या बहुतेक घरांत तो असतोच. मूळ जपानी माप, १८० मिलिलिटर, दीडशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ मावतो. आईच्या वाटीपेक्षा लहान, पण चारास दोनास एक हे कपाच्या आकारावर थोडंच अवलंबून आहे? कमलाबाई ओगले यांनी १९७० मध्ये 'रुचिरा' लिहिलं तेही वाटी-चमच्याच्या मापानं. कितीतरी घरांतल्या नव्या सुनांना त्यामुळे स्वयंपाक सोपा झाला. माझ्याकडेही ते पुस्तक आहे. त्यातली वाटी किती ग्रॅमची, असं मी इतकी वर्षं मनात म्हणत होते.

तांदूळ धुण्याआधी, कोरडेच मोजले. ओले दाणे फुगतात, माप फसतं. इथल्या दमट हवेत ते सुकायला वेळ लागला; पंख्याखाली पंचावर पसरले तरी अर्धा दिवस गेला. मग एकेक जिन्नस मंद आचेवर भाजायला घेतला. हरभराडाळीचा वास व्हरांड्यात गेला आणि शेजारच्या चिनी आंटी दारात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या आहेत. कप आणि पिशव्या बघून त्यांनी विचारलं, एकूण किती काटी होणार?

काटी हे त्यांच्या बाजाराचं जुनं वजन, सोळा ताहिलांचं, सहाशे ग्रॅमहून किंचित जास्त. सिंगापूरनं १९७० च्या दशकात मेट्रिक मापं घेतली, तरी आंटी भाजी अजून काटीतच मागतात. मला माझी आजी आठवली. भारतात मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, पण ती शेवटपर्यंत शेर-पावशेरच म्हणायची. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. धान्याची मापं तर तिला आणखी प्रिय: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळं दुपटीनं वाढणारं. भांडं हातात असलं की आकडेमोड लागायची नाही. तिच्या घरी तराजू होता की नाही, मला आठवत नाही.

भाताला पाणी किती घालता, असं मी आंटींना विचारलं. त्यांनी तर्जनी उभी धरली आणि टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत अंगठ्यानं दाखवलं. मीही माझं बोट पुढे केलं. आमच्याकडे त्याला पेर म्हणतात, आई भातावर पेरभर पाणी ठेवते. दोघींची बोटं शेजारी धरून पाहिली. त्यांचं पेर माझ्याहून थोडं आखूड. तरी दोन्ही घरी भात मोकळाच होतो.

केकसाठी मला अजूनही वजन हवंच असतं. मैद्याचा एकच कप हलका भरला तर शंभर ग्रॅमच्या आत राहतो, चेपला तर बराच पुढे जातो, आणि केक तेवढ्यानं बसतो. साखरेची किलोची पिशवी मी कपानं मोजून ठेवली आहे, साडेसहा कप. तेवढ्यावर सध्या भागतं.

भाजणी मिक्सरवर थोडी थोडी दळली, चाळली आणि त्याच कपानं पुन्हा मोजली. कपाला कप पाणी. उकळत्या पाण्यात तेल, तिखट, हळद, मीठ, तीळ, ओवा. भाजणी घालून झाकण. वाफ जिरल्यावर मळली. पहिली चकली कागदावर पडली, चारही वेढे अखंड. तळून आईला फोटो पाठवला. तिनं रंगाबद्दल काहीच म्हटलं नाही.

"कप कुठे ठेवलास?" तिनं विचारलं.

तो उरलेल्या भाजणीच्या डब्यात ठेवला आहे. भातासाठी दुसरा आणला.